आठ आसनांचे विमान आणि एका दिवसाचे काम

ऑर्कनी हा स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडचा बेटांचा समूह. सत्तरएक बेटे, त्यांतल्या वीसेक बेटांवर वस्ती, आणि सगळी मिळून लोकसंख्या बावीस हजारांच्या घरात, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. बहुतेक लोक मोठ्या बेटावर, कर्कवॉल या गावात आणि त्याच्या आसपास राहतात. उत्तरेकडे जावे तशी वस्ती विरळ होत जाते. पापा वेस्ट्रेवर ऐंशी-नव्वद माणसे, नॉर्थ रोनाल्डसेवर साठ-सत्तर. कर्कवॉलहून या बेटांकडे एक विमान ये-जा करते, त्यात पायलटखेरीज आठ माणसे बसतात. जगाला या विमानाची ओळख आहे ती एका विक्रमामुळे. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे उड्डाण जेमतेम २.७ किलोमीटरचे, वेळापत्रकात दोन मिनिटांचे, आणि अनुकूल वाऱ्यात एकदा ५३ सेकंदांत पुरे झालेले. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी याहून लांब आहे. जगातले सर्वांत छोटे नियमित उड्डाण म्हणून पर्यटक त्याचे प्रमाणपत्र घरी नेतात. या प्रकरणाचा विषय मात्र त्या पर्यटकांच्या शेजारी बसलेली माणसे आहेत: ठरलेल्या वारी संगीत किंवा चित्रकला शिकवायला जाणारे फिरते शिक्षक, डॉक्टर, दंतवैद्य, गुरांचा डॉक्टर, कधी पोलीस, कधी टेलिफोन दुरुस्त करणारा. कित्येक वर्षे तर एका बँकेचा कर्मचारीही याच विमानाने बेटोबेटी जाऊन खातेदारांचे व्यवहार उरकत असे. या सगळ्यांसाठी ते विमान म्हणजे कामावर जाण्याचे वाहन आहे, आणि संध्याकाळी घरी परतण्याचेही.

विमान म्हटले की आपण पहिल्यांदा वेगाचा विचार करतो. मुंबईहून दिल्लीला रेल्वेने सोळा तास लागतात, विमानाने दोन. वाचलेल्या चौदा तासांचे पैसे मोजायचे, असा आपला हिशेब. ऑर्कनीतल्या विमानाला हा हिशेब लावला तर ते फारच महागडे ठरते, कारण अंतरेच इतकी लहान की वेगाला वाव नाही. तिथला खरा प्रश्न मुक्कामाचा आहे. समजा, एका बेटावरच्या शाळेत मोजकी मुले आहेत आणि त्यांना आठवड्यातून दोन तास संगीताचा शिक्षक हवा आहे. नॉर्थ रोनाल्डसेला फेरीबोट आठवड्यातून मोजक्याच वेळा जाते, एका बाजूच्या प्रवासाला अडीच तासांच्या वर लागतात, आणि हिवाळ्यात समुद्र खवळला की फेरी रद्द होते. बोटीने गेलेला शिक्षक दोन तास शिकवून पुढच्या बोटीची वाट पाहत बेटावर अडकून पडणार. दोन तासांच्या शिकवणीला दोन-तीन दिवसांचा पगार, राहण्याची सोय आणि त्याच्या घरच्यांची गैरसोय, एवढे सगळे मोजावे लागणार. असा शिक्षक कुणी नेमत नाही, आणि नेमला तरी तो टिकत नाही. विमानाने हाच माणूस सकाळी पंधरा-वीस मिनिटांत पोहोचतो, दिवसभर शिकवतो, संध्याकाळी घरी जेवतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बेटावर जातो. एका पगारात चार-पाच शाळांना संगीत मिळते. छोट्या विमानाने एक कौशल्य अनेक वस्त्यांत वाटून घेता येते. त्याचे मोल या वाटपात आहे, आणि माझ्या मते त्याचा विचार नेहमी इथूनच सुरू व्हायला हवा.

हे वाटप जमते ते विमान छोटे असल्यामुळेच. ऑर्कनीत वापरले जाते ते ब्रिटन-नॉर्मन कंपनीचे 'आयलँडर'. जॉन ब्रिटन आणि डेस्मंड नॉर्मन या दोघांनी इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट बेटावर ते घडवले; पहिले उड्डाण १३ जून १९६५ रोजी झाले. त्या काळी विमान-उद्योगाचे सारे लक्ष जेटकडे होते. या दोघांनी नेमका उलटा विचार केला. दोन साधी पिस्टन इंजिने, पंख वरच्या बाजूला, आणि चाके कायमची खाली सोडलेली. चाके आत ओढून घेतली तर वेग थोडा वाढतो, पण ती यंत्रणा दुरुस्तीला येते. दहा-पंधरा मिनिटांच्या उड्डाणात त्या वाढीव वेगाचा उपयोग काय? आत मधली वाट नाही. विमानाच्या दोन्ही बाजूंना दारे आहेत आणि प्रवासी मोटारीत बसावे तसे थेट आपल्या बाकावर चढतात. वाट काढून टाकल्यामुळे विमानाचा देह अरुंद झाला, वजन घटले, आणि चारेकशे मीटरच्या खडीच्या किंवा गवताच्या पट्टीवरून ते उडू-उतरू शकते. हवाई सुंदरी नाही, स्वच्छतागृह नाही, आणि गर्दी असेल तर एक प्रवासी पायलटच्या शेजारच्या आसनावर. भरलेल्या विमानाचे कमाल वजन ३ टनांच्या किंचित खाली येते. नव्वद किलोचा एक माणूस म्हणजे त्याचा तेहतिसावा हिस्सा झाला. ७८ टनांच्या एअरबसमध्ये तोच माणूस साडेआठशेवा हिस्साही नसतो. म्हणून इथे कोणी कुठे बसायचे हे माणसांच्या वजनावरून ठरते, आणि शिक्षकाबरोबर एखादे जड वाद्य असेल तर ते नेमके कुठे ठेवायचे हाही पायलटच्या विचाराचा विषय असतो. उतरण्याच्या जागी मोठे विमानतळ लागत नाही. एक खोली, एक बंब आणि विमान येण्याच्या वेळी हातातले काम बाजूला ठेवून अग्निशमनाच्या पोशाखात उभे राहणारे गावकरी, एवढ्यावर भागते. यांतला कोणी एरवी शेतकरी असतो, टपाल वाटणारा असतो किंवा मेंढरे राखणारा असतो. वीस आसनांचे विमान आणले असते तर धावपट्टी लांबवावी लागली असती, कर्मचारी वाढले असते आणि आसने भरण्यासाठी फेऱ्या कमी कराव्या लागल्या असत्या. फेऱ्या कमी झाल्या की सकाळी जाऊन संध्याकाळी परतणे संपते, आणि त्याबरोबर सेवेचा उद्देशही.

या सेवेच्या जन्माची कथाही कामाच्या प्रवासाचीच आहे. कॅप्टन फ्रेसन या वैमानिकाने १९३३ च्या मे महिन्यात इन्व्हर्नेस ते कर्कवॉल अशी विमानसेवा सुरू केली आणि पुढच्याच वर्षी तिच्यातून नेहमीच्या दरात टपालही जाऊ लागले. छोट्या बेटांवरही त्याने शेतांतल्या पट्ट्यांवर विमाने उतरवली. मधल्या काळात त्या उड्डाणांत खंड पडला आणि १९६७ साली 'लोगनएअर' या कंपनीने ती पुन्हा सुरू केली. ही कंपनी निघाली होती १९६२ साली, एका बांधकाम व्यावसायिकाच्या गरजेतून. विली लोगन यांच्या कंपनीचे मूळ ठाणे उत्तरेकडे इन्व्हर्नेसजवळ आणि मोठे काम दक्षिणेला डंडी शहरात, टे नदीच्या मुखावरचा रस्त्याचा पूल. अभियंत्यांना आणि स्वतःला या दोन टोकांमध्ये रोज नेण्या-आणण्यासाठी त्यांनी विमान भाड्याने घेऊन पाहिले, फायदा दिसला, आणि पाच-सहा आसनांच्या पायपर विमानाने स्वतःचीच हवाई टॅक्सी सुरू केली. टे पूल ऑगस्ट १९६६ मध्ये खुला झाला. त्याच वर्षीच्या जानेवारीत, दुसऱ्या एका कंपनीच्या भाड्याच्या छोट्या विमानाला इन्व्हर्नेसजवळ अपघात होऊन लोगन वारले होते. पूल बांधणाऱ्या माणसाने विमान कंपनी काढावी, यात विसंगती नाही. जिथे पूल बांधता येतो आणि परवडतो तिथे पूलच बांधावा, कारण तो रात्री-बेरात्री, धुक्यात आणि कुणाच्याही खिशाला परवडेल असा चालतो. पूल अशक्य असलेल्या ठिकाणीच छोट्या विमानाचा अधिकार सुरू होतो. ही मर्यादा विसरली की या विषयावरचा सगळा वाद भरकटतो.

आता आक्षेपांकडे वळू. हल्ली सर्वांत आधी येणारा आक्षेप असा, की शिकवणी, तपासणी आणि बँक ही तिन्ही कामे आता इंटरनेटवरून होतात. मग माणसे उडवायची कशाला? बँकेपुरता हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. पण संपर्काचे साधन सुधारले की प्रवास घटतो, हे गृहीत इतिहासाला तितकेसे धरून नाही. ऑस्ट्रेलियात जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाच्या प्रयत्नांतून १७ मे १९२८ रोजी क्लोनकरी गावाहून 'फ्लाइंग डॉक्टर' सेवेचे पहिले विमान उडाले. क्वांटास कंपनीकडून भाड्याने घेतलेले ते लाकडी सांगाड्याचे एक-इंजिनी विमान होते. विमान होते, डॉक्टर होता, पण शेकडो किलोमीटरवरच्या गुरांच्या छावण्यांतून डॉक्टरला कळवायचे कसे, ही अडचण होती. आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायाने पेडल मारून वीज निर्माण करणारा बिनतारी संच बनवला, आणि १९२९ पासून तो दूरदूरच्या वस्त्यांवर बसू लागला. त्यामुळे साध्या दुखण्यांवरचा सल्ला बसल्या जागी मिळू लागला हे खरे. पण ज्या दुखण्यांची पूर्वी कुणाला खबरही नव्हती ती आता डॉक्टरच्या कानावर येऊ लागली, आणि विमानाच्या मागे काम लागले. दूरसंचार चाळणीचे काम करतो. कोणाला प्रत्यक्ष भेटणे भाग आहे, हे तो सांगतो. दात पडद्यावरून काढता येत नाही, अडलेली गाय पडद्यावरून सोडवता येत नाही, आणि सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हातातल्या व्हायोलिनच्या गजाची पकडही शेजारी बसूनच सुधारावी लागते.

दुसरा आक्षेप पैशांचा. ही सेवा तिकिटांच्या पैशांत चालत नाही. ऑर्कनीचे स्थानिक प्रशासन लोकसेवेचे बंधन म्हणून तिला अनुदान देते. साठ माणसांसाठी करदात्यांनी विमान का पोसावे? प्रश्न रास्त आहे आणि त्याला भावनेने उत्तर देणे बरोबर नाही. उत्तर हिशेबातच शोधले पाहिजे, मात्र हिशेब पुरा मांडला पाहिजे. आपल्याकडची मुक्कामी एस.टी. पाहा. रात्री डोंगरातल्या शेवटच्या गावी थांबून पहाटे तालुक्याला निघणारी ही गाडी त्या फेरीपुरती अनेकदा तोट्यात असते. पण तिच्यातून कॉलेजला गेलेली मुले, वेळेवर दवाखान्यात पोहोचलेली बाळंतीण आणि बाजाराला गेलेली भाजी त्या फेरीच्या जमाखर्चात कुठेच नोंदली जात नाहीत. विमानाचेही तसेच आहे. ते बंद केले तर प्रत्येक बेटावर पूर्णवेळ शिक्षक, निवासी डॉक्टर आणि दंतवैद्याची खुर्ची ठेवावी लागेल, किंवा या सेवा बंद कराव्या लागतील. पहिला पर्याय विमानाहून महाग आहे. दुसऱ्या पर्यायाची किंमत सेंट किल्डाने मोजली. स्कॉटलंडच्या पश्चिमेला भर अटलांटिकमध्ये असलेल्या या बेटावरचे उरलेसुरले ३६ रहिवासी २९ ऑगस्ट १९३० रोजी, त्यांच्याच विनंतीवरून, कायमचे मुख्य भूमीवर हलवले गेले. हिवाळ्यातले महिनोन्‌महिने संपर्क तुटणे आणि आजारपणात मदत न मिळणे ही त्यामागची मोठी कारणे होती. सरकारला त्यांचे पुनर्वसन करावेच लागले, तेही फुकट झाले नाही.

यावर एक बिनतोड वाटणारा प्रतिप्रश्न आहे. विमान असूनही नॉर्थ रोनाल्डसेची वस्ती कमीच होत गेली ना? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे पाचशेच्या आसपास माणसे होती, आज साठ-सत्तर आहेत. हे नाकारण्यात अर्थ नाही. शेती कमी हातांत होऊ लागली, मोठी मुले शिकायला कर्कवॉलला जाऊन राहू लागली आणि त्यांतली बरीचशी परत आली नाहीत. विमान गावे वाढवत नाही. माझा दावाही तो नाही. जी माणसे तिथे राहायचे ठरवतात त्यांना नागरिक म्हणून किमान काय मिळावे, एवढेच विमान ठरवते. बेटाला वाढीचे आश्वासन देऊन विमान मागणे चूक आहे. वाढ झाली नाही म्हणून विमान काढून घेणेही तितकेच चूक आहे.

सुरक्षिततेचा आक्षेप मात्र मला सर्वांत गंभीर वाटतो. छोट्या विमानांचे अपघात मोठ्या जेटपेक्षा अधिक होतात, यात शंका नाही. ती खाली, ढगांतून उडतात. यंत्रणा कमी असतात. बऱ्याचदा पायलट एकटाच असतो. मार्च २००५ मध्ये ग्लासगोहून कँपबेलटाउनकडे रुग्णाला आणायला निघालेले आयलँडर जातीचे रुग्णविमान मध्यरात्रीनंतर, खराब हवामानात समुद्रात कोसळले आणि पायलट व आरोग्यसेवक दोघेही दगावले. दुसरा पायलट नव्हता आणि स्वयंचलित नियंत्रकही नव्हता. अशा उदाहरणांवर पांघरूण घालून छोट्या विमानाची वकिली करता येणार नाही. तुलना मात्र योग्य गोष्टीशी व्हावी. हिवाळ्यातल्या उत्तर समुद्रावर छोट्या बोटीने जाणे, किंवा डॉक्टरच न येणे, हे तिथले खरे पर्याय आहेत; एअरबस हा पर्यायच नाही. कामाच्या प्रवासाचा एक खास धोकाही इथे नोंदवला पाहिजे. कामाला निघालेल्या माणसाला आज पोहोचायचेच असते. खासगी भाड्याच्या विमानात पैसे देणारा मालक स्वतः पायलटच्या शेजारी बसलेला असतो, आणि 'जमेल की, निघू या' हे त्याचे चार शब्द हवामानाच्या अंदाजाहून जड होऊ शकतात. ठरलेल्या वेळापत्रकाच्या, अनुदानित सेवेत हा दबाव पुष्कळ कमी होतो. शिक्षक रागावला तरी उड्डाण रद्द झाल्याने पायलटचा पगार कापला जात नाही, शाळेला ते दिवस अपेक्षितच असतात. म्हणून छोटी विमाने चालवायचीच असतील तर ती हौशी किंवा अडीनडीच्या भाड्यावर न सोडता नियमित सेवा म्हणून चालवावीत, हा सुरक्षिततेचाच युक्तिवाद आहे.

प्रदूषणाबद्दल थोडक्यात. आयलँडरची इंजिने अजून शिसे मिसळलेल्या पेट्रोलवर चालतात, आणि पंधरा मिनिटांच्या उड्डाणात पंचवीस-तीस लिटर तरी जळते. हे समर्थनीय नाही. पण विजेवर किंवा हायड्रोजनवर उडण्याचे पहिले प्रयोगही अशाच मार्गांवर होत आहेत, कारण जड बॅटरी घेऊन हजार किलोमीटर उडणे आज शक्य नाही, चाळीस किलोमीटर उडणे आवाक्यात आहे. अँपेअर कंपनीच्या वीज-पेट्रोल अशा संमिश्र विमानाने ऑगस्ट २०२१ मध्ये कर्कवॉल ते विक हे उड्डाण केले. आयलँडरला नवे इंजिन बसवण्याच्या क्रॅनफील्ड येथील प्रकल्पाला फ्रेसन यांचेच नाव दिले आहे.

भारतात याचा अर्थ काय? 'उडान' योजनेखाली पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी सिमल्याहून दिल्लीला उडाले. लहान शहरे हवाई नकाशावर आणण्याचा हेतू चांगला होता. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाने मात्र कठोर चित्र समोर ठेवले. तिसऱ्या फेरीपर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षांची सवलतीची मुदत पुरी केली. आणि त्यानंतरही मार्च २०२३ मध्ये चालू राहिलेले मार्ग होते ५४. या आकड्यांवरून छोट्या गावांना विमान परवडत नाही असा निष्कर्ष काढला जातो. मला त्यात दोन वेगळ्या गरजांची गल्लत दिसते. अनुदान तीन वर्षांपुरते आणि नंतर बाजाराने भार उचलावा, ही रचना व्यापारी शहरांसाठी ठीक आहे. ज्या जागेला बाजार कधीच पुरणार नाही, तिथे तीन वर्षांची मुदत म्हणजे बंद पडण्याची तारीख आधीच ठरवून टाकणे. आणि दुसरीकडे, रस्ता आणि रेल्वे असलेल्या ठिकाणी विमानाला कामाच्या प्रवासाचे वाहन म्हणून कायमचे पोसण्याचे कारण नाही. सिंधुदुर्गाचा माणूस रात्रीच्या कोकण रेल्वेने सकाळी मुंबईत कामाला पोहोचतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तिथे डॉक्टर आणि शिक्षक पोहोचवण्याचे उत्तर विमान नव्हे, पुराच्या वर राहणारा उंच पूल हे आहे.

उरतात त्या खऱ्या एकाकी जागा: अरुणाचलच्या काही दऱ्या, अंदमान-निकोबारची दूरची बेटे, लक्षद्वीप. यंत्राची अडचण नाही. कानपूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्स बनवत असलेले १७ आसनांचे डॉर्नियर १२ एप्रिल २०२२ पासून दिब्रुगड-पासीघाट मार्गावर प्रवासी नेऊ लागले, आणि त्याहून लहान विमानेही जगात आहेत. अडचण निर्णयाची आहे. अशा मोजक्या जागा निवडाव्यात, तिथला खर्च रस्त्याच्या देखभालीसारखा कायमचा धरावा, आणि यशाचे माप भरलेली आसने न धरता बेटावर शिकवलेले तास आणि तपासलेले रुग्ण हे धरावे. अरुंद प्रवाळबेटांवर जमीनच थोडी असते. बाराशे मीटरची पट्टी तिथे बेटाचा मोठा भाग खाते, चारेकशे मीटरची पट्टी त्या मानाने थोडक्यात बसते. विमान छोटे ठेवण्याचे हेही एक कारण. लक्षद्वीपच्या वस्ती असलेल्या दहा बेटांपैकी विमानाची धावपट्टी फक्त अगत्तीवर आहे, आणि कोचीहून जहाजाने त्या बेटांवर पोहोचायला चौदा ते वीस तास लागतात.